खरी जन्मतारीख सांगितली अन् मीच खोटा ठरलो

मंडळी, आज दुपारी राजूरला बियाण्याच्या दुकानात माझं क्रेडिट कार्ड चाललं न्हाई. बारा वर्षांपासून वापरून राह्यलो! कार्डामागच्या नंबरवर मीच फोन लावला.

कंपनीतली बाई म्हणाली, "सर, ओळख पटवायची आहे. जन्मतारीख सांगा."

मी पोळ्याच्या दिवशी जन्मलो, हे आईला पक्कं आठवतं. मुलीनं जुन्या पंचांगातून काढलेली ती ऑगस्टमधली तारीख मी ठणकावून सांगितली.

"सॉरी सर, जुळत नाही."

मंग आठवलं. "एक जून बघा, मॅडम. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं लिहिल्ती."

"धन्यवाद सर, ओळख पटली."

कार्ड लगेच चालू झालं.

एक जूनवाल्यांनो, खरं सांगा, तुम्हाला जन्म आईनं दिला का गुरुजींनी?