महिला राखीव

"तोंडाकडं काय बगतंस? मावरा बग!" गिऱ्हाईक जरा टक लावून पाहू लागलं की ती कोयता पाटावर आपटून म्हणायची.

पनवेलच्या मासळी बाजारात तुम्ही गेला असाल, तर तुम्हीही तिच्याकडे पाहिलं असेल. उंच, रुंद खांद्यांची, घोगऱ्या आवाजाची, केसांत अबोलीचा गजरा. मग तुमची नजर पाटीकडे गेली असेल, कारण मासळी ताजी असायची.

गव्हाणच्या बाजूला, खाडीकाठच्या आमच्या गावात तिचं घर आमच्यापासून तिसरं. मी लग्न होऊन आले तोवर ती साडी नेसायला लागून बरीच वर्षं झाली होती. गावाची कुजबुज करून संपली होती. हळदीला ती बायकांत बसायची आणि सगळ्यांत मोठ्याने, सगळ्यांत बेसूर गायची.

बंदरावर मासळी उतरवायला जाणाऱ्या बायांसाठी संडास नव्हता. तिवरांच्या झाडीच्या आडोशाला जाताना त्या तिला हाक मारून सोबत न्यायच्या. ती पाठ करून उभी राहायची आणि कुणी पुरुष फिरकू नये म्हणून जोरजोरात खोकायची.

"वैनी, माजा खोकला पंचायतीला आयकू जात नाय," ती एकदा मला म्हणाली. "आता आतच जाऊन खोकते."

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातली जागा महिलांसाठी राखीव होती. तिच्या अर्जावर सूचक म्हणून मी सही केली. समोर एकच उमेदवार, आमच्याच आळीतली एक तरणी सून. तिच्या बाळंतपणात हिनेच तिच्या अंगाला तेल चोळलं होतं.

पनवेलला अर्जांची छाननी होती. त्या सुनेचा सासरा हरकत लिहूनच घेऊन आला होता, खाली सुनेची सही. जागा महिलेची आहे आणि मतदार यादीत ही तृतीयपंथी आहे, एवढंच त्यात होतं. ती नोंद हिने स्वतः एका शिबिरात जाऊन करून घेतली होती. तेव्हा आळीभर पेढे वाटले होते.

अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली.

"ताई, तुम्ही स्वतःला काय मानता?"

"बाई."

"कागदावर तसं नाही."

"साहेब, आदी कागदावर पुरुष लिवलेलं. तवा जो बदलून मिलाला तो घेतला."

मी मध्ये पडले. आपण कोण हे ज्याने त्याने ठरवायचं असं मोठ्या कोर्टाने सांगितलंय, म्हटलं. त्याने मान डोलावली. "ते ओळखीबद्दल झालं. राखीव जागेसाठी महिला कोणाला म्हणायचं, ते माझ्याकडच्या सूचनांत नाही. यांनी सर्वसाधारण जागेवरून अर्ज भरायला हवा होता."

"तितं भरला असता तर बाप्ये मनले असते, बायकांत जा," ती म्हणाली.

खोलीत हशा पिकला. अधिकारीही हसला. मग त्याने अर्ज बाद केला.

सून बिनविरोध निवडून आली. त्या जागेसाठी मतदानच झालं नाही.

पनवेलच्या एका वकिलाने सांगितलं की दुसऱ्या एका जिल्ह्यात अशाच उमेदवाराला कोर्टाने परवानगी दिली आहे. आम्ही दावा लावला. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला ती इस्त्रीची साडी नेसून यायची. एका तारखेला समोरच्या वकिलाने वैद्यकीय तपासणीची मागणी केली.

"मंजे माजं अंग बगनार?" तिने आमच्या वकिलाला विचारलं.

"आपण विरोध करू. कोर्ट बहुधा मान्य करणार नाही. फक्त वेळ जाईल."

"नको. बंद करा."

परतताना रिक्षात ती बर्फाच्या भावाबद्दल बोलत राहिली. दावा मागे घेतला.

एका संध्याकाळी ती सून तिच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिथेच ओट्यावर बसले होते. "ताई, सही माझ्याकडून करून घेतली," ती खाली बघत म्हणाली.

"बरं. पोर कसा हाय?"

"रांगतोय."

"बरं."

राग नव्हता, रडणं नव्हतं. पुढच्या हळदीला तिला हाताला धरून बोलावलं, तेव्हा आली. पण मांडवाच्या कडेला खुर्ची ओढून बसली. एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला गाणाऱ्या बाया. तिवरांत बायांसोबत अजूनही जायची, उभी राहायची, पण खोकायची नाही. मग बायाच खोकायच्या.

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, तेव्हा तिने घराला कुलूप लावलं. उरणजवळ मोऱ्याला तिची मावसबहीण आहे, तिच्याकडे राहते असं कळलं. बाजारातल्या तिच्या जागेवर दुसरी बाई बसू लागली.

मागे उरणला काम निघालं, तेव्हा मी मुद्दाम मोरा बंदरावर गेले. ती धक्क्यावर बोंबील निवडत बसली होती. मला पाहून हसली, चहा मागवला. गावातल्या सगळ्यांची नावं घेऊन चौकशी केली, त्या सुनेचीही. तिचे हात थांबत नव्हते.

"ताई, गावाला परत कधी येणार?" मी विचारलं.

"कशाला?"

तिने ते तिरकसपणे विचारलं नव्हतं. हातातला बोंबील तसाच धरून ती माझ्याकडे पाहत होती, मी काय कारण सांगते ते ऐकायला. मी हातातला चहा संपवला. मग तिने तो बोंबील टोपलीत टाकला आणि दुसरा उचलला.