चालू इंजिन

“इंजिन बंद करू नका हं. तापल्यावर एकदा बंद झालं की तासभर सुरू होत नाही, माहीत आहे ना?”

गाडीमालकाची बायको हे शेजारी उभ्या नवऱ्याला म्हणाली, माझ्या हातात कॉफीचा टंबलर देता देता, आणि मराठीत. तंजावरजवळच्या पापनाशममधल्या त्या घराच्या ओट्यावर मी बसले होते. माझे वडील, अप्पा, अंगणात उघड्या बॉनेटवर वाकलेले होते. इंजिनाच्या आवाजात त्यांना काही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

ही जुनी गाडी विकत घ्यायला म्हणून आम्ही आलो, तेव्हाही ती चालूच होती. अप्पांनी ती कालव्यापर्यंत चालवून आणली, तेव्हाही ती बंद झाली नव्हती. मालक म्हणाला होता, “तुमच्यासाठी तयार ठेवलीय, सार.” आम्हाला ते अगत्य वाटलं होतं.

त्या बाईंनी आवाजही खाली केला नव्हता. मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण आमच्या घरीही हेच चाले. दुकानात साडी महाग वाटली, पाहुणे उठायला तयार नसले, की आई त्यांच्यासमोरच मराठीत बोले. तंजावरकडच्या आम्हा मराठी घरांना आपली भाषा म्हणजे दार लावून घेतल्यासारखी वाटते. समोरचाही त्याच दाराच्या आतला असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. अप्पा बाहेर तमिळच बोलत, आणि दलालाने आमची ओळख ‘बँकेतले सार’ एवढीच करून दिली होती.

मी कॉफी पीत राहिले.

शाळेत माझी भाषा इंग्लिश होती, रस्त्यावर तमिळ. घरी आई मराठीत विचारी आणि मी तमिळमध्ये उत्तर देई. “हिचे कान तेवढे आमचे,” असं ती म्हणायची. परक्या माणसांसमोर तर मी कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसे.

गाडी आईसाठीच हवी होती. ती तिरुवैयारूच्या शाळेत शिकवायची. गुडघे दुखायला लागल्यापासून बसची उंच पायरी तिला चढवत नव्हती, आणि पावसाळ्यात एकदा ती त्या पायरीवरून घसरून पडली होती. तेव्हापासून अप्पा गाड्या बघत होते. नव्या छोट्या गाड्या बाजारात आल्या होत्या, त्या घेण्यासाठी लोक जुन्या विकायला काढत होते. ही दुधी रंगाची गाडी अप्पांना पाहताक्षणी आवडली. मागची सीट रुंद होती, आईला पाय लांब करता आले असते. शाळेच्या वाटेवर, नदीकाठच्या रस्त्यावर ही गाडी बंद पडली, तर ते पाय घेऊन आई कुठे चालत जाणार होती, हा विचार मला आला. तरी मी उठले नाही.

मालकाने आतून लिंबं आणली. बॉनेटला कुंकू लावलं, चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं.

“लिंबं चिरडली की थेट पिळ्ळैयार गणपतीच्या देवळात, सार,” तो अप्पांना तमिळमध्ये म्हणाला. “मधे इंजिन बंद करायचं नाही. चांगलं नसतं.”

अप्पा पंचांग फक्त सुट्ट्या बघायला उघडत. पण त्या दिवशी त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली आणि खिशातून रुमाल काढून स्टिअरिंग पुसलं. इतके खूश मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं होतं.

बाई माझा रिकामा टंबलर घ्यायला आल्या. माझ्याकडे पाहून हसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “पोर मुकी आहे काय? आल्यापासून एक शब्द नाही.”

“इंग्लिश शाळेतली असेल,” तो म्हणाला. “आपल्याशी कशाला बोलेल?”

“मग बरंच आहे. बापाला घाई आहे, पोरीला तोंड नाही.”

दोघंही हसले, आणि त्यात दुष्टपणा नव्हता. आम्हीही असंच हसलो असतो.

अप्पा गाडीत बसले आणि मला हात करून बोलावू लागले. मी ओट्यावरून उतरले, अंगण ओलांडलं आणि त्यांच्या बाजूच्या खिडकीपाशी उभी राहिले. मालक दुसऱ्या बाजूला होता, बाई पायरीवर. मराठी वाक्य मनात दोनदा जुळवावं लागलं. इंजिन चालू होतं, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं.

“अप्पा, गाडी एकदा बंद करा, आणि आत्ताच परत सुरू करून बघा.”