घासून काढलेला टाका

नेमेसिओ आर्चुलेताने बांधलेली चासी मोडत नाही, असं फाँटाना गावात कोणीही सांगितलं असतं. दिवसा तो ट्रेलर बांधणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग करी आणि शनिवार-रविवारी घरच्या गॅरेजमध्ये छोटे जपानी ट्रक जमिनीला टेकवी. मूळची चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, फेकायची, चौकोनी लोखंडी नळ्यांची नवी बांधायची, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जागी हवेचे जाड रबरी फुगे बसवायचे. बटण दाबलं की हवा सुटून ट्रक खुडूक कोंबडीसारखा खाली बसला पाहिजे. एका ट्रकला वर्ष-दीड वर्ष लागे. त्याची बायको यावरून त्याला सोडून गेली, असं लोक म्हणत. ते खोटं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं.

हे सगळं वेड 'तिएरा फिर्मे' क्लबचं. त्यांचा एक नियम होता. ट्रकची हवा सोडून चासीखाली कागदी रुमाल ठेवायचा आणि अध्यक्षांनी तो ओढायचा. रुमाल अख्खा निघाला तर गुपचूप घरी जा. फाटला, म्हणजे चासी खरोखर जमिनीला टेकली, तर क्लबची ॲल्युमिनियमची पाटी मागच्या काचेत लावायची. त्या फाटक्या रुमालापायी शहाण्यासुरत्या माणसांनी पोरांचे वाढदिवस चुकवलेत. दुसराही नियम होता. ठिणग्या उडवायच्या हौसेने जो चालत्या गाडीची हवा सोडील, त्याची पाटी परत घ्यायची. त्यात वयाची, मैत्रीची सबब चालत नसे.

एव्हारिस्तो किरोझ, म्हणजे व्हारो, याचा ट्रक नेमेसिओने सत्त्याण्णव सालच्या वसंतात पुरा केला. व्हारो शाळेची बस चालवी. त्याच्या मुलीला, ग्रिसेल्डाला, बाप्तिस्म्याच्या वेळी नेमेसिओनेच धर्मपिता म्हणून हातावर घेतलं होतं; ती त्याला पाद्रीनो म्हणे. तेव्हापासून व्हारो आणि तो एकमेकांना कंपाद्रे म्हणत आणि अहो-जाहो करत. सख्ख्या भावाला टाळता येतं, कंपाद्रेला टाळता येत नाही.

या ट्रकवर नेमेसिओने जीव ओतला, आणि तिथेच माती खाल्ली. मे महिन्याच्या प्रदर्शनात गाडीच्या पोटाखाली आरसे लावून आतलं काम तपासतात. आदल्या वर्षी सॅन डिएगोच्या एकाने त्याला हरवलं होतं, कारण त्याच्या चासीवर जोड म्हणून दिसत नव्हता. ते नेमेसिओच्या मनात वर्षभर सलत राहिलं. यंदा त्याने वेल्डिंगचा प्रत्येक टाका ग्राइंडरने घासून सपाट केला. चासी एकाच लोखंडातून ओतल्यासारखी दिसू लागली. वर चेरीसारखा लाल रंग मारला. टाक्याचा फुगवटा घासला की ताकदही घासली जाते, हे त्याला माहीत नव्हतं का? कारखान्यात नव्या पोरांना तो हेच शिकवी, एकाने घासला तर सबंध जोड पुन्हा करायला लावी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पहिलं बक्षीस मिळालं. लोक आरशात वाकून वाकून बघत होते आणि नेमेसिओ बाजूला उभा राहून आपल्याला काही नाही असं दाखवत होता.

जूनमध्ये व्हारो ग्रिसेल्डाला पोहण्याच्या तलावावरून घरी आणत होता. हायवेवरून उतरताना मागचा उजवा फुगा बैठकीसकट उखडला, ट्रक एका अंगावर बसला आणि सिमेंटच्या भिंतीला घासत गेला. व्हारोला खरचटलं. पोरीचं गळपट्टीचं हाड मोडलं.

ट्रक नेमेसिओच्या गॅरेजात आणला. तो बॅटरी घेऊन खाली सरकला आणि त्याला मिनिटभरात सगळं कळलं. फुग्याची बैठक टाक्यावरच तुटली होती, जिथे त्याने घासलं होतं तिथेच, सरळ रेघेत. बाहेर व्हारोचे बूट दिसत होते.

"कंपाद्रे, मी बटणाला हात लावला नाही," व्हारो म्हणाला. "म्हणजे, मला तरी तसं वाटतंय."

"बघतो," नेमेसिओ खालूनच म्हणाला.

बघायचं काय उरलं होतं? पण एकदा बघतो म्हटलं की माणसाला मूग गिळून बसायला जागा मिळते. दुसऱ्या दिवशी क्लब जमला. नेमेसिओची चासी मोडत नाही, म्हणजे व्हारोनेच पोरीसमोर ठिणग्या उडवल्या असणार, हा हिशेब सगळ्यांनी मनातल्या मनात करून टाकला होता. तरी अध्यक्षांनी रीत म्हणून नेमेसिओला विचारलं, चासी कशी आहे. तो म्हणाला, अजून नीट पाहिली नाही. मग व्हारोने स्वतःच स्क्रू काढून आणलेली पाटी टेबलावर ठेवली. कोपर लागलं असेल बटणाला, असं तो आता म्हणू लागला होता. नेमेसिओ घरी आला आणि आरशाकडे न बघता त्याने दाढी केली. गालावर दोनदा कापलं.

नऊ दिवस गेले. रविवारी व्हारोची बायको चेलो हिचा फोन आला, मुलगी तुमची आठवण काढते, जेवायला या. न जाण्याचं कारण त्याला सुचलं नाही. टेबलावर मटणाचा पातळ रस्सा, काल्दो, होता, त्यात कणसाचे तुकडे, बाजूला लिंबू. ग्रिसेल्डाने एका हाताने त्याला वाढलं, दुसरा झोळीत होता. बापाला तिने वाढलं नाही. चेलो हळूच म्हणाली की नऊ दिवसांत पोर बापाशी एक शब्द बोललेली नाही.

"तुम्ही दीड वर्ष राबलात, पाद्रीनो," ग्रिसेल्डा म्हणाली, "आणि यांनी एका ठिणगीसाठी सगळी वाट लावली."

व्हारोने मान वर केली नाही. "पोरगी खरं बोलते. तुमची चासी मी मोडली, कंपाद्रे. मला माफ करा."

नेमेसिओने चमचा खाली ठेवला. खाई त्याला खवखवे म्हणतात, तो तर त्यांच्याच घरचं अन्न खात होता. इतकी शरम त्याला बायको गेली त्या दिवशीही वाटली नव्हती.

"चासी मी मोडली," तो म्हणाला. "मी टाके घासले. बक्षिसासाठी. फुग्याची बैठक टाक्यावरच तुटलीय, बटणाचा काही संबंध नाही."

मग ग्रिसेल्डाने विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"ट्रक आणला त्याच दिवशी."

"म्हणजे यांनी पाटी काढून दिली, तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

चेलोने हातातला डाव भांड्यात सोडला. नेमेसिओ शिवीची वाट बघत होता. व्हारोने शिवी घातली असती, कॉलर धरली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. पण व्हारोचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

"म्हणजे मी हात लावला नव्हता," तो म्हणाला. मग पुन्हा, मुलीकडे वळून, "ग्रिस, मी खरंच हात लावला नव्हता गं." आणि तो बायकामुलीसमोर हमसून हमसून रडायला लागला.

ग्रिसेल्डा उठून बापाच्या खुर्चीमागे गेली आणि धडका हात तिने त्याच्या खांद्यावर ठेवला. नेमेसिओकडे तिने एकदाच पाहिलं. आजवर तिने त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. त्याला कोणी जा म्हणालं नाही. त्याच्यापुढचा काल्दो निवत होता, आणि उठावं कसं हे त्याला कळत नव्हतं.