सुनेने मला सर केलं

माझी सून इथे सिंगापूरला नर्स आहे. आता तिने नर्सिंगमधल्या डॉक्टरेटसाठी अर्ज केलाय. मुलाखतीची तयारी म्हणून रविवारी तिने मला आमच्या हौगांगच्या फ्लॅटात जेवणाच्या टेबलाशी समोर बसवलं.

"बाबा, तुम्ही सर व्हा. मराठीत विचारा, चालेल."

मी सातवी नापास. तरी घसा खाकरून विचारलं, "तुला आणखी शिकायचंय कशाला?"

"सर, माझ्या सासूबाई कॅन्सरने घरीच गेल्या. कळा आल्या की त्या फक्त मला सांगायच्या. घरच्यांपासून दुखणं लपवणाऱ्या अशा पेशंटसाठी मला काम करायचंय."

माझा नुसता जळफळाट झाला. जन्मभर संसार केला माझ्याशी आणि दुखणं सांगितलं हिला! मी विचारलं की बायको म्हणायची, "बरी आहे मी, तुम्ही जेवून घ्या." कूस बदलायलाही तिला हीच लागायची. मी पुढे झालो की, "तुम्ही नको, तिला पाठवा."

"मला का नाही सांगितलं तिने?" मी विचारलं. हा प्रश्न काही सरांचा नव्हता.

सून खाली बघत म्हणाली, "आई म्हणायच्या, ह्यांना कळलं तर हे ताटावर बसायचे नाहीत."

"हे तिथे सांगणार आहेस?"

"सांगावं म्हणत होते."

"नको सांगूस. तुझी सासू बाकीची सगळी तुला दिली. एवढी माझ्याकडे राहू दे."

तिने डोळे पुसले. "बरं, बाबा."

"बाबा नाही, सर म्हण," मी म्हटलं आणि पहिला प्रश्न पुन्हा विचारला.