साक्ष कोर्स संपल्यावर

"बाई, तुम्हाला टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. माझ्या बायकोने पहिला प्रश्न विचारला, "मग रविवारी उपासनेला जाता येईल का?"

मी अजून 'टीबी' या शब्दापाशीच अडकलो होतो आणि हिला रविवारची पडली होती. सिंदेवाहीच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरांनी हसू दाबलं. "सध्या घरीच राहा. औषध लागू पडलं की मी सांगतो, मग मास्क लावून जा," ते म्हणाले.

माझी बायको रुथ आमच्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, बायबल वुमन आहे. आजारी माणसाच्या घरी जाऊन बसायचं, प्रार्थना करायची, कोणी मागितलं तर शास्त्र वाचून दाखवायचं, हे तिचं काम. मी एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. नोकरीत गावोगावचे लोक पोचवले, आता मोटरसायकलवर बायकोला पोचवतो.

खोकला बरेच दिवस होता. आम्ही धानाच्या धुळीवर खापर फोडून काढे पीत बसलो. संध्याकाळी कणकण यायची, ब्लाउज ढगळ व्हायला लागले, तरी आमचं काढ्यांवर भागत होतं. तुम्ही असं करू नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर सरळ दवाखाना गाठा. तिथे स्पुटम टेस्ट करतात, म्हणजे छातीतून काढलेला बेडका डबीत देऊन त्यात जंतू आहेत का ते बघतात. दुखत नाही, फक्त लाज वाटते.

रिपोर्टवर लिहिलं होतं पल्मोनरी ट्युबरक्युलोसिस, म्हणजे फुफ्फुसाचा क्षय. सहा महिने रोज गोळ्या, त्याही फुकट. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "दोन महिन्यांत वाटेल की आपण बरे झालो. लोक तिथेच गोळ्या सोडतात. मग ड्रग रेझिस्टंट टीबी होऊ शकतो, म्हणजे जंतू नेहमीच्या गोळ्यांना जुमानत नाहीत. त्यात माणूस जातो सुद्धा."

पहिल्या आठवड्यात रुथची लघवी केशरी झाली. मी घाबरून दवाखान्यात फोन लावला, तर सिस्टर म्हणाल्या, "काका, गोळीचा रंग आहे तो. परवाच सांगितलं होतं तुम्हाला." रुथ पुढचे दोन दिवस मला हसत होती. मळमळीने बेजार होती, पण हसायला तिला ताकद पुरायची.

चंद्रकला आम्हाला त्याच दवाखान्याच्या बाकावर भेटली. जवळच्या खेड्यातली, दोन लहान पोरांची आई, तिलाही त्याच आठवड्यात टीबी निघालेला. नवरा नामदेव धानाची शेती करतो. तो जरा लांब उभा होता.

"बाई, तुमी प्रार्थना करता मनते. माह्यासाठी करा ना," चंद्रकला म्हणाली.

रुथने आधी नामदेवकडे पाहिलं. "भाऊ, तुमाले चालते का?"

त्याला हे विचारलं जाईल असं वाटलं नव्हतं. "करा," तो म्हणाला, "पन दुसरं काही नोको."

"दुसरं काही नाई."

रुथ प्रार्थनेला बसली की माझा चहा गार होतो, हा घरचा अनुभव. इथे मात्र दोन-तीन वाक्यांतच आटोपलं. गोळ्या लागू पडू दे, पोरांची आई पोरांना राहू दे, आमेन.

दोन महिन्यांत दोघींचा खोकला थांबला. रुथ मास्क लावून उपासनेला यायला लागली. आमच्याकडे दानार्पणाच्या आधी साक्ष देतात. देवाने आपल्यासाठी काय केलं ते ज्याला सांगावंसं वाटतं तो उभा राहून सांगतो. अशाच एका रविवारी साक्षीच्या वेळी दारातून चंद्रकला आत आली. ठेवणीतली साडी, हातात नारळ. तिच्या घरी नवस फेडायची जी रीत, तीच तिने इथे केली. पुढे येऊन टेबलावर नारळ ठेवला आणि त्याच्याशेजारी पिशवीतून काढून गोळ्यांची पाकिटं ठेवली.

"येशूबाबानं मले बरं केलं. खोकला गेला. आठ दिस झाले, गोळ्या बंद केल्या. आता याचं काम नाई. देवाचं देवाले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हालेलूयाचा गजर झाला. तिच्या गावातून आमच्या मंडळीत आलेली ती पहिलीच बाई. आमचे एक वडीलधारे सभासद तर डोळे पुसत होते.

रुथ उठली. टेबलाजवळ गेली, पाकिटं उचलली आणि चंद्रकलाच्या हातात देऊन तिची मूठ मिटली.

"नारळ देवाले पोचला, चंद्रकला. गोळ्या तुह्या आहेत."

गोळ्या खाऊन मोटरसायकलवर बसलं की मळमळतं, म्हणून रुथच्या स्वतःच्या त्या दिवशीच्या गोळ्या अजून पर्समध्येच होत्या. तिने त्या काढल्या, खिडकीजवळ जाऊन मास्क खाली केला आणि सगळ्या मंडळीदेखत एकेक करून गिळल्या. मग मास्क नीट लावून म्हणाली, "मी बी त्याच देवाची लेक आहो. मी खाऊन राह्यली. तुह्यी न् माह्यी साक्ष कोर्स संपल्यावर."

टाळ्या थांबल्या होत्या. डोळे पुसणारे ते सभासद म्हणाले, "रुथबाई, विश्वास कमी पडला का?"

"दादा, उद्या ही गेली तर हिच्या पोरांपुढं देवाचं नाव घ्यायले कोन जाईन? तुमी का मी?"

दादांनी मान खाली घातली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, उठले आणि त्यांनी चंद्रकलासाठी प्रार्थना केली, गोळ्यांचं नाव घेऊन. मी मागच्या बाकावर बसलो होतो, आणि ही माझी बायको आहे हे शेजारच्याला सांगावंसं वाटत होतं. त्याला ते लग्नापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी रुथने चंद्रकलाला डॉक्टरांपुढे उभं केलं. त्यांनी पुन्हा तपासणी केली, नशिबाने जंतू अजून गोळ्यांना जुमानत होते, आणि गोळ्या परत सुरू झाल्या. नामदेव मात्र तापला होता. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याने अंगणातच अडवलं.

"तुमच्या देवापायीच सोडल्या ना तिनं गोळ्या?"

मला राग आला. रुथने पाप केलं नव्हतं, उलट निस्तरलं होतं. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "हो भाऊ, आमच्या देवळातच ठेवल्या तिनं. मनून आता आमीच पाहू. रोज गोळी खाताना मले दिसू द्या, बस."

तेव्हापासून आमची रोजची फेरी. वाटेवर जंगल, वाघाच्या भीतीने चांगलं ऊन पडल्यावरच निघायचो. रुथ स्वतः आजारी, उतरली की आधी कुंपणाला धरून उभी राहायची. मी घरी कुरकुर करायचो, ती ऐकून घ्यायची आणि सकाळी पदर खोचून तयार. अंगणात उभं राहून चंद्रकलाची गोळी पोटात गेलेली बघायची, पोरांची चौकशी करायची, निघायची. काही आठवड्यांनी नामदेवने अंगणात बाज टाकली. पुढे चहा यायला लागला. धर्माचा शब्द रुथने काढला नाही.

रुथचा कोर्स संपला, मागोमाग चंद्रकलाचाही. दोघींचा शेवटचा रिपोर्ट स्पुटम निगेटिव्ह, म्हणजे थुंकीत जंतू नाहीत. चंद्रकलाचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, "क्युअर्ड. पूर्ण बरी झालीस." ती बाकावर बसून रडली. रुथने तिला रडू दिलं.

नामदेव या वेळी लांब उभा नव्हता. "बाई," तो म्हणाला, "इतके महिने येऊन राह्यल्या. येशूचं एक अक्षर बोलल्या नाई. काऊन?"

"तुमची बायको आजारी होती, भाऊ. तवा तुमाले नाई म्हनता आलं नसतं."

नामदेव बाकावर बसला.

"आता येते नाई म्हनता," तो म्हणाला. "आता सांगा."

रुथ त्याच्याशेजारी बसली आणि तिने सांगितलं, साध्या शब्दांत, आवाज न चढवता. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग हात जोडून म्हणाला, "बाई, आमी आमच्या देवाजवळच बरे."

"बरं, भाऊ," रुथ म्हणाली. "उद्या पोरं पाहायले येऊ का?"

"न विचारता येत जा," नामदेव म्हणाला.