आवाज न करणारा पंखा

कॉम्प्युटरच्या डब्यात आत एक छोटा पंखा असतो. आमच्या घरात तो मी सोडून कुणी बघितला नव्हता.

शिवाजी पेठेत आमची दोन खोल्यांची जागा. रस्त्याकडच्या खोलीत मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, दुकान होतं. लग्नपत्रिका, तालीम मंडळांच्या फुटबॉल स्पर्धांची हँडबिलं, रक्षाविसर्जनाची पत्रकं. माणसं कागदावर मजकूर लिहून आणायची, बाहेर बसून मालकांशी गप्पा मारायची. आतल्या खोलीत एका बाजूला गॅसचा कट्टा आणि दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. त्याच्यावर मजकूर टाईप करून तो नीट मांडायचं काम मी करायचे. छापून दुसरीकडून यायचं.

मी चौथीपर्यंत शिकले. कॉम्प्युटर घेतला तेव्हा मालक पंधरा दिवस क्लासला गेले आणि कंटाळले. कुठल्या बटणावर कुठलं अक्षर आहे तो क्लासचा कागद पडून होता. तो मी कट्ट्यावरच्या भिंतीला भाताच्या शितांनी चिकटवला आणि भाकरी भाजता भाजता पाठ केला. सहा महिन्यांनी अख्खी पत्रिका मी खाली न बघता करू लागले. गिऱ्हाइकांना वाटायचं मालकच करतात, आणि मालकही तसंच सांगायचे. तेव्हा मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मला चार माणसांत बोलता येत नाही. पडद्यासमोर बसलं की कुणी माझ्याकडे बघत नसे आणि माझ्या हातून काहीतरी नीट होत असे. त्या घरात तेवढी एक खुर्ची मला माझी वाटायची.

पाचेक वर्षांनी पंखा आवाज करू लागला. त्याला कारण होतं. दर खंडेनवमीला मालक कॉम्प्युटरची पूजा करायचे. हार घालायचे, उदबत्ती ओवाळायचे आणि डब्याच्या वरच्या जाळीवर हळदीकुंकू चांगलं मूठमूठ टाकायचे. यंत्राला कमी पडू नये म्हणून. ते सगळं आत जायचं. त्यात माझ्या फोडणीचा धूर आणि चटणीचा खकाणा. एक दिवस मालक बाहेर गेल्यावर मी डब्याचा पत्रा स्क्रू काढून उघडला. आत ॲल्युमिनियमचा फणीसारखा ठोकळा होता आणि त्याच्यावर बसवलेला काडेपेटीपेक्षा थोडा मोठा चौकोनी पंखा. फणीच्या दातांत कुंकू घट्ट बसलेलं. मी रंगाच्या जुन्या ब्रशनं सगळं झाडलं, पंख्याच्या मधला कागद सोलून शिलाई मशीनचं एक थेंब तेल सोडलं आणि परत बंद केला. पुढची दोन वर्षं मी असंच चालवलं. पंख्याचं काम त्या ठोकळ्याला गार ठेवायचं, आणि तो बंद पडला की मशीन आपोआप बंद होतं, हे मला मशीननंच शिकवलं.

पण शेवटी तेलानंही भागेना. पंखा घरघरू लागला. मालकांना त्या आवाजाचा भारी राग. मशीन बिघडेल याची त्यांना काळजी नव्हती. त्यांची अडचण वेगळी होती. ते बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत बसलेले असायचे आणि आत मशीनचा आवाज चालू. एकदा तालमीतला एक जण म्हणाला, "तुमी तर हितं बसलायसा. मग आत कोण चालवतंय?"

मालक हसले. "चालू ठेवलंय तसंच. कामाआधी गरम व्हाय लागतंय त्याला."

आत माझे हात बटणांवर थांबले. तो माणूस जाईपर्यंत मी बटण दाबलं नाही.

चैत्रात पंखा पुरताच अडकला. मी तो काढला. टेपनं मोजला तर लांबी-रुंदी सहा-सहा सेंटिमीटर आणि जाडी अडीच. त्याच दिवशी राजारामपुरीत मालकांच्या मावसबहिणीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मालक मला न्यायला येणार होते आणि येताना आम्ही पंखा घेणार होतो. मी जुना पंखा रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. मालकांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तो कुणी काढला हेही सांगावं लागलं असतं. त्यांना वाटत होतं की पंखा आतच आहे आणि नवा कुणाकडून तरी बसवून घ्यायचा आहे.

कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. काचेच्या काउंटरला तीन-चार माणसं टेकलेली. दुकानदारानं विचारलं, "बोला पावणं, कुठला प्रोसेसर हाय?"

"हाय की आपला न्हेमीचा," मालक म्हणाले.

"न्हेमीचा म्हंजे? जुना पंखा आणलायसा का? त्याबिगर माप कसं कळायचं?"

"जुना घरात हाय. तुमी द्या की एक. फकस्त आवाज नको. जातं फिरल्यागत वरडतोय त्यो."

दुकानदारानं दोन पंखे काढले आणि वायरी जोडून काउंटरवरच चालू केले. एक हुबेहूब आमच्यासारखा, जाड. दुसरा अर्ध्या जाडीचा, निळी पाती असलेला. जाड पंखा भुणभुणत होता, पण त्याचा वारा मी बाजूला उभी होते तिथपर्यंत आला आणि माझा पदर हलला. निळ्याच्या समोर पावतीचा कागद होता तो जागचा उठेना.

"ह्यो जाड हाय, वारं भरपूर, पर आवाज करणार," दुकानदार म्हणाला. "ह्यो बारका गप असतोय. पर तुमच्या मशीनला पुरंल का न्हाई, ते मशीन बघितल्याबिगर मी न्हाई सांगायचो."

माझा हात पिशवीत गेला. वरच हळदीकुंकवाचे भिजवलेले हरभरे होते, त्यांच्याखाली रुमाल. माझ्या बोटांना पंख्याचा कोपरा लागला. दुकानदारानं ते बघितलं.

"वैनी, काय दाखवतासा?"

सगळी माणसं माझ्याकडे वळली. मालकही वळले.

"तिला काय इचारतासा," मालक म्हणाले. "चौथी शिकलीया ती. तिला पंखा म्हंजे छताला टांगलेला एवढंच ठावं."

काउंटरला टेकलेला एक जण म्हणाला, "मग त्योच न्ह्या की. मशीन बी गार आन वैनी बी गार."

सगळे हसले. मालक सगळ्यांत जोरात हसले.

"काय न्हाई," मी म्हणाले. "हरभरं सांडल्यात का बघत हुते."

मी पंखा बाहेर काढला असता तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. हा कुणी काढला? मग मशीन कोण उघडतं, मग मशीन कोण चालवतं. नवऱ्यानं चार माणसांत सांगितलेलं बायकोनं खोटं पाडायचं नाही, हे मला कुणी बोलून शिकवलं नव्हतं. माझ्या आईनं तिच्या घरात पाळलेलं मी बघितलं होतं आणि मुकाट्यानं उचललं होतं. मी लाजाळू आहे हे खरं. पण त्या दिवशी मी लाजेनं गप्प बसले नाही. मालकांचा मान राखायला गप्प बसले. या दोन्हींतला फरक मला नंतर कळला.

निळा पंखा घेतला. दुसऱ्या दिवशी मालकांना बसवून देणारं कुणी मिळेना, तेव्हा मीच बसवला. "बसला व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं. जुने स्क्रू त्याला लांब पडत होते, म्हणून मी तांब्याची बारीक तार ओवून तो आवळला.

"ह्यो पातळ हाय," मी म्हणाले. "वारं कमी पडतंय. बदलून आणूया का?"

"आवाज येतोय?"

"न्हाई."

"मग झालं की."

वैशाखात लग्नसराई आली. दुपारी पत्र्याखाली आतली खोली तापायची आणि मशीन अर्ध्या तासात बंद पडायचं. मी डब्याचा पत्रा काढून ठेवला आणि समोर आमचा टेबलफॅन लावला. त्यावर काम निभत होतं. टेबलफॅनचाही आवाज व्हायचा, पण आत बाई झोपली असेल असं वाटण्यासारखा.

मग शिरोळकडचं एक गिऱ्हाईक आलं. मोठा गोतावळा, आपसात कानडीत बोलणारी माणसं. पत्रिकेत निमंत्रकांचीच नावं दोन पानं. मालकांनी त्यांना आजच्या आज बसल्या जागी मजकूर दाखवतो म्हणून सांगितलं. मी भराभरा नावं घालत होते. मध्येच मालक आत आले.

"त्यो फॅन बंद कर. बाहेर बोललेलं ऐकू येईना. आन आत कोण म्हून इचाराय लागल्यात."

"बंद केला तर मशीन जाईल."

"धा मिन्टं. धा मिन्टांत काय व्हत न्हाई."

त्यांनी स्वतःच बटण बंद केलं आणि जाताना दार ओढून घेतलं. मी उठून फॅन परत चालू करू शकले असते. हात पोहोचत होता. मी बसून राहिले आणि नावं घालत राहिले. दहा मिनिटांच्या आतच पडदा काळा झाला आणि करपल्यासारखा वास आला. या वेळी मशीन गार झाल्यावरही परत चालू झालंच नाही.

दाराआडून मला मालकांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. फॅन बंद होता, त्यामुळे एकही शब्द चुकला नाही.

"मशीन गेलं बघा. घरातल्या बाईनं हात लावला. किती येळा सांगितलं, त्यातलं तुला कळत न्हाई."

शिरोळच्या पाहुण्यांतली एक वयस्क बाई म्हणाली, "होऊंद्या. बायकांचं काय, पुसायला म्हून गेल्या असतील."

इतकी वर्षं आत कोण बसतं ते मालकांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं ते असं.

नवा कॉम्प्युटर घेतला तो बाहेरच्या खोलीत ठेवला. त्याच्यावर काम करायला डिप्लोमा केलेली एक मुलगी ठेवली. ती सगळ्यांसमोर बसायची आणि मालक अभिमानानं सांगायचे, आता शिकलेलं माणूस ठेवलंय. मुलगी वाईट नव्हती. मला काकी म्हणायची. मी आत बसून तिनं केलेल्या पत्रिका घडी घालून पाकिटांत भरायचे. आत जुना कॉम्प्युटर होता तिथं मालकांनी गव्हाचं पिंप ठेवलं.

एक दिवस मालक छापायला द्यायचा मजकूर घेऊन आत आले. "जरा नजर फिरीव. काय ऱ्हायलं असलं तर."

मी वाचला. मुहूर्ताची तारीख होती ती शनिवारी येत होती आणि पत्रिकेत शुक्रवार लिहिला होता. पाचशे घरांत पत्रिका जाणार होत्या. अर्धी माणसं एक दिवस आधी येऊन रिकाम्या मांडवात उभी राहिली असती. माझ्या मनात आलं की कागद असाच परत द्यावा. ठीक आहे म्हणावं. मग मालकांना चार माणसांसमोर उभं राहावं लागेल, आणि या वेळी बाईनं हात लावला असं म्हणता येणार नाही.

मी पेन्सिल मागितली आणि शुक्रवार खोडून शनिवार केला. मालकांनी कागद घेतला, बाहेर गेले आणि त्या मुलीला म्हणाले, "मला दिसलं म्हून बरं झालं. लक्ष कुठं असतंय तुझं?"

मी पुढची पत्रिका घडी घातली. तो वार मी दुरुस्त का केला, याचा मला अजून राग येतो. त्या लग्नातल्या कुणाचं मी काही देणं लागत नव्हते.