जहाजावरचा थोडासा ट्रबल

ऐंशीच्या दशकात निर्मळला आमच्या आळीत एकच टेलिफोन होता, आमचा. वडिलांनी तो फुलांच्या धंद्यासाठी घेतला आणि वापरला सगळ्या आळीने. कोणी "तुम्हाला उगाच त्रास" म्हणालं की वडील म्हणायचे, "छे, त्रास कसला!" बरोबर आहे, त्रास मला होता. फोन आला की वाड्यांमधून धावत माणूस बोलावून आणायची मी, आणि फोन इंग्रजीत असला तर बोलायचीही मीच, कारण मी कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं.

एका सकाळी मुंबईहून जहाज कंपनीचा फोन आला. शेजारच्या मावशींचा नवरा त्यांच्या जहाजावर आचारी होता. मावशी ओल्या हातांनी आल्या आणि गळ्यातला क्रूस मुठीत धरून माझ्या बाजूला उभ्या राहिल्या.

"देअर वॉज सम ट्रबल," तिकडचा बाबू म्हणाला.

"काय म्हणतो?"

"थोडा त्रास झाला म्हणतो. काकांना इस्पितळात ठेवलंय, परदेशात. पण आता नो ट्रबल."

इंग्रजी बोलणारा माणूस ट्रबल हा शब्द कधी नुसता वाढत नाही. आधी सम, एनी, अ लिटल, नो असं काहीतरी पानात ठेवतो, मग ट्रबल. हे मला पाठ होतं. पण बोट कापलं तरी सम आणि पाय गेला तरी सम, मग सम म्हणजे किती, हे आमच्या सरांनी कधी सांगितलं नव्हतं. बाबूलाही माहीत नव्हतं. त्याच्याकडे आलेल्या तारेत तेवढंच होतं.

"नो ट्रबल म्हणजे काही नाही, मावशी."

"काही नाही, काही नाही म्हणतच माझा बाप गेला," मावशी म्हणाल्या. "त्याला विचार, आमचा माणूस जेवला का?"

"मावशी, असं कसं विचारणार?"

"विचार म्हणते ना!"

विचारलं. बाबू म्हणाला, "व्हॉट?" माझं इंग्रजी चुकलं असं त्याला वाटलं असावं. माझं डोकंच फिरलं. मी तेच पुन्हा ओरडून विचारलं. तिकडे विचारून कळवतो म्हणाला.

मावशी घरी गेल्याच नाहीत. आईने दिलेला चहा पुढ्यात गार होत राहिला. दुपारी परत घंटी वाजली. बाबू वैतागलेला होता. म्हणाला, तुमचा माणूस नर्सना "अ लॉट ऑफ ट्रबल" देतोय.

"काय म्हणतो ग?"

आता हे कसं सांगायचं? "काका फार त्रास देतायत म्हणे. सूप परत पाठवलं. मीठ नाही म्हणून."

मावशी मटकन खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. मी घाबरले.

"मेला!" त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून माझ्या कालवणाला नावं ठेवतोय. बरा आहे ग, चांगला बरा आहे."

मग डोळे पुसून त्यांनी तो गार चहा एका घोटात संपवला आणि आईला म्हणाल्या, "साखर कमी पडली."